तीन बोटांची भिंत

इस्तारीभाऊ पडद्याच्या मधोमध कधी पाहायचा नाही. पोरं गेममध्ये गाडी पळवत असत, गोळ्या झाडत असत, आणि हा त्यांच्या खांद्यावरून वाकून, नाक काचेला टेकेल इतकं जवळ नेऊन, कोपऱ्यातली एखादी विजेची तार न्याहाळत असे. नाहीतर झाडाचा शेंडा. नाहीतर पळणाऱ्या माणसाचे केस. "गाडी काय पाहून राह्यला बे? गाडी तं कोनीबी चांगली काढते," तो म्हणायचा. "पान पाह्य. पान फाटलं का समज, मशीन खोटं बोलून राह्यलं." एवढं बोलून तो हसायचा, आणि हसला की समोरचा अर्धा दात दिसायचा. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडला होता, तेव्हा तुटलेला. ओळख नसलेला माणूस आधी त्या दाताकडे पाहायचा, मग त्याच्याकडे.

गडचांदूरच्या बसस्थानकामागे टिनाच्या छपराखाली त्याचं गेमचं दुकान होतं. गावात सिमेंटची भुकटी पानापानावर बसते, तशी ती त्याच्या मशिनींतही बसायची. रोज सकाळी दुकान उघडलं की तो एकेका संगणकाचं झाकण काढून ब्लोअरने धूळ उडवत असे. स्वतः तोंडाला दुपट्टा बांधायचा नाही. "याईची छाती तं साफ होते रोज," तो म्हणायचा, "आपली कोन करन?"

संगणक जुने होते, नागपूरच्या कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले. नवे गेम त्यांना झेपत नसत. चित्र अडखळायचं, माणूस एका जागी थिजायचा आणि एकदम पुढे उगवायचा. पोरं बोंब मारायची, "भाऊ, लॅग होऊन राह्यलं!" मग इस्तारीभाऊ यायचा, सेटिंग उघडायचा, एआयचं बटण चालू करायचा, आणि तोच मरतुकडा संगणक लोण्यासारखा चालू लागायचा. वर चित्रही आधीपेक्षा रेखीव. पोरं शिट्ट्या मारायची. इस्तारीभाऊ छाती काढून म्हणायचा, "मशीन गरीब असन, पडदा गरीब नाई दिसला पाह्यजे."

हे कसं होतं, असं मी एकदा विचारलं. त्यानं तेंदूपत्त्याच्या हंगामाचा, ठेकेदाराच्या वतीनं पानांचे पुडे मोजून घेणाऱ्या मुंशीचा दाखला दिला. "फडावर मुंशी काय करते? दोन पुडे सोडून पाह्यते, न बाकीचे अंदाजानं लिवते. तसंच हाये हे. मशीन चित्र लहानसं काढते. मंग एआय त्याले ताणून मोठं करते, न मधात जे नाई दिसलं ते अंदाजानं भरते. ढीगभर चित्रं पाहून शिकलं हाये ते. भीत कशी असते, पान कसं असते, त्याले सारं ठाऊक. मशीनची मेहनत वाचली, खेळनारा खूश."

मुंशीचा अंदाज आजवर कोणाच्या बाजूने लागत आला, हे मला तेव्हा विचारता आलं असतं. असले प्रश्न विचारण्यातच मी वाढलो होतो. विचारलं नाही. समोरचं चित्र फार सुंदर दिसत होतं.

माझं बालपण ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा औष्णिक केंद्रात नोकरीला, आणि नोकरीतून उरेल तो सगळा वेळ चळवळीला. आमच्या पलंगाखाली पेट्या नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं शिकलो ती त्यांवरूनच. त्यामुळे शेवटी उद्गारचिन्ह आल्याशिवाय वाक्य पूर्ण झालं, असं मला वाटतच नसे. कॉलेज संपल्यावर मी आमच्या युवक मंडळासाठी पत्रकं लिहू लागलो आणि खाणपट्ट्यातल्या गावांतून ती वाटू लागलो. असाच एकदा गडचांदूरला उतरलो आणि दुकानात बटणं बडवणारी पोरं पाहून माझं डोकं फिरलं. आत शिरून मी प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पत्रक ठेवलं.

इस्तारीभाऊनं एक उचललं आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. "तरुणांनो, खेळण्यांनी तुमच्या मुठी रिकाम्या केल्या आहेत!" मग पोरांकडे वळून विचारलं, "का गा, रिकाम्या हायेत का मुठी?" पोरांनी हातातले कंट्रोलर वर केले. दुकानभर खिदळणं सुरू झालं. मी लालबुंद झालो. इस्तारीभाऊनं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "बस पत्रक. चहा पी. लिवते चांगला तू, पन अक्षर लय बारीक. पाह्यल्याबरोबर दिसलं पाह्यजे मानसाले."

त्या दिवसापासून त्याच्यासाठी माझं नाव 'पत्रक' पडलं ते कायमचं.

शेवटच्या भिंतीशी टॉवेल टाकून झाकलेला एक संगणक होता. त्यावर पोरांना बसू देत नसे. चहा झाल्यावर त्यानं टॉवेल काढला. पडद्यावर एक गाव होतं. मातीची घरं, बांबूचं कुंपण, विहीर, मधोमध एक मोहाचं झाड. बटण दाबलं की आपण गावात चालू लागत होतो. अडखळत, धक्के खात, पण चालत होतो.

"टेंभरगुडा," तो म्हणाला. "माह्यं गाव."

टेंभरगुडा आता नाही. चुनखडीच्या खाणीनं ते खाल्लं. तिथे आता पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा आहे आणि तळाशी हिरवट पाणी. गावातली गोंड कुटुंबं रस्त्याकडेच्या पुनर्वसन कॉलनीत आली. एका मापाची, एका रंगाची घरं. ओळखायला दारावर नंबर. इस्तारीभाऊ तेव्हा खाणीच्या वजनकाट्यावर संगणक चालवायचा. गाव उठण्याआधी त्यानं आपल्या पहिल्या कॅमेऱ्याच्या मोबाइलवर घराघराचे फोटो काढून ठेवले होते. नखाएवढे, धुरकट फोटो. पुढे काटा सोडून दुकान टाकलं, इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून गेम बनवायला शिकला, आणि एकेक घर उभं करून त्याच्या भिंतींवर तेच फोटो चिकटवू लागला. "दुसरे लोक गेममदे राक्षस मारते," तो म्हणायचा. "मी नुसता घरी जातो."

मला तर घबाडच सापडलं. शेजारच्या गावावर तेव्हा खाणीची टांगती तलवार होती. खाण नको असा ग्रामसभेचा ठराव व्हायचा होता. जे माझ्या पत्रकांनी होत नव्हतं ते हा पडदा करील, असं मला वाटलं. जमिनीसोबत काय जातं ते लोकांना डोळ्यांनी दिसेल! मी ठरवूनच टाकलं: कॉलनीच्या समाजमंदिरात मोठा पडदा लावायचा, टेंभरगुड्याची सगळी माणसं बोलवायची, शेजारच्या गावालाही बोलवायचं. इस्तारीभाऊ म्हणाला, "मायच्या जागी जंगुबाई चालन का गावात? तिनं एकदा फिरून पाह्यलं तं माह्यं काम झालं." त्याची आई सोमीबाई कॉलनीत आल्यावर काही वर्षांतच वारली होती. जंगुबाई तिची जन्माची शेजारीण. त्याला बाकी कोणाच्या टाळ्या नको होत्या. जंगुबाईनं "हो गा, हेच" एवढं म्हणावं, यासाठी त्यानं ते गाव बांधलं होतं.

पण मोठ्या पडद्यावर चाचणी घेतली तेव्हा आम्हा दोघांची मान खाली गेली. भिंती म्हणजे नुसते तपकिरी डाग. दोन पावलं टाकली की चित्र थिजायचं.

"पावने येतीन," इस्तारीभाऊ म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "दुसऱ्या गावचे येतीन. असं धुरकट दाखवू त्याईले? म्हनतीन, होतंच काय त्या गावात."

मी म्हणालो, "चकचकीत झालं पाहिजे, भाऊ. बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत!"

मग तो कामाला लागला. भिंतींचा एकेक धुरकट फोटो त्यानं एआयमधून मोठा करून घेतला. आणि गेम अडखळू नये म्हणून पोरांच्या गेमला लावायचा तेच बटण आपल्या गावालाही लावलं. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा टेंभरगुडा उजळून निघालं होतं. भिंतींवर मातीचा कण न् कण दिसत होता. चालताना एक धक्का नाही. इस्तारीभाऊनं सवयीनं नाक पडद्याला लावलं आणि मोहाच्या झाडाचं एकेक पान तपासलं. "नाई फाटलं," तो म्हणाला. "एक पान नाई फाटलं, पत्रक!" अर्धा दात चमकत होता. घरी जाऊन मी आयुष्यातलं सगळ्यात मोठ्या अक्षरांचं पत्रक लिहिलं. 'टेंभरगुडा जसंच्या तसं उभं राहत आहे!'

समाजमंदिर भरून गेलं होतं. म्हाताऱ्या पुढे सतरंजीवर, पोरं खिडक्यांत, शेजारच्या गावचे पाहुणे मागे खुर्च्यांवर. मी बोललो. खूप बोललो. मग पडद्यावर गाव आलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "अयाई" निघालं. टाळ्या पडल्या. इस्तारीभाऊनं जंगुबाईच्या हातात कंट्रोलर दिला.

"मले काऊन देऊन राह्यला गा? मी विहिरीत टाकन तुले."

"दाबा न बाई. हे दाबलं का समोर जाते."

तिनं दाबलं आणि ती खरंच सरळ विहिरीत गेली. समाजमंदिर हसून लोळलं. "अवो, निंघ बाहेर, बादली आनू का?" कोणीतरी ओरडलं. जंगुबाईही हसत होती. मग ती बाहेर आली आणि घरांमधून हळूहळू चालू लागली. चालता चालता तिचं हसू कमी होत गेलं.

"हे कोनाचं होय?" एका घरासमोर थांबून तिनं विचारलं.

"ओरखा न बाई," इस्तारीभाऊ लाडानं म्हणाला.

"नाई ओरखत. न ते कोनाचं?"

मागच्या बायका कुजबुजू लागल्या. "लच्छूचं असन." "नाई वो, लच्छूचं दार तं उगवतीले." "मंग विहिरीपासलं कोनाचं?" त्या अंदाज बांधू लागल्या. आपल्याच गावात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. टेंभरगुड्यात भिंती बाया हातांनी लिपायच्या आणि ओल्या मातीतून बोटं ओढून कमानीसारख्या रेघा काढायच्या. दरवर्षी, सणाच्या आधी. कोणाची कमान आखूड, कोणाची लांब, कोणाचा हात शेवटी वर वळायचा. घरावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. लांबून भिंत पाहून बाई सांगायची, हा अमकीचा हात.

जंगुबाई मोहाच्या झाडापाशी पोहोचली. "मोहापासलं तं सोमीचं होय," ती म्हणाली.

"हो न बाई. मायचंच."

"मंग भीत कोनी लिपली?"

"मायनंच. दुसरं कोन लिपन?"

जंगुबाईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. उजवा हात वर करून मधलं बोट तळहातात दुमडलं आणि उरलेली तीन बोटं हवेत ओढली. "सोमीले तं हे बोट नव्हतं," ती म्हणाली.

ते बोट धानाच्या कापणीत विळ्यानं गेलं होतं. सोमीबाईच्या कमानीत एक रेघ असायची, मग मोकळी जागा, मग दोन रेघा. पडद्यावर चार होत्या. चारही सरळ, खोल, एकसारख्या. या घरावर, त्या घरावर, सगळ्या घरांवर त्याच चार. नखाएवढ्या फोटोत एक रेघ कमी दिसली तेव्हा मशीनला वाटलं, फोटो खराब आहे. त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या हातांना पाच बोटं होती. त्यानं नसलेलं बोट अंदाजानं भरलं.

जंगुबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती समजूत काढावी तशा आवाजात बोलली, आणि तो आवाज मला आजही सहन होत नाही. "असू दे गा. चांगलं केलं. घरं लय चांगले केले. पन आपलं गाव नाई हे. हे तं कॉलनीच होय. इथीबी सारे सारखे, तिथीबी सारे सारखे."

लोक पांगले. शेजारच्या गावचा एक तरुण मुद्दाम माझ्याकडे आला. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं कौतुक होतं. "लय भारी गाव होतं भाऊ याईचं," तो म्हणाला. "असं गाव जाले नाई पाह्यजे होतं. आमचं काई असं नाई. आमच्या भिती वाकड्यातिकड्या, पोपडे निंघालेल्या. आमच्याकडं वाचवाले काय हाये?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. त्या पोराला मी पाणी विचारलं. दारावर माझं पत्रक लावलेलं होतं, जसंच्या तसं, उद्गारचिन्हासकट. जंगुबाईला वाचता येत नव्हतं याचं मला क्षणभर बरं वाटलं. आणि कोणाला वाचता येत नाही याचं बरं वाटणारा माणूस आपण झालो, या विचारानं मी तिथून चालता झालो. पत्रक काढायलाही थांबलो नाही.

दुकान बंद राहिलं. पोरं शटर वाजवून परत जाऊ लागली. शेवटी मी कॉलनीत गेलो. इस्तारीभाऊ आपल्या नंबराच्या घरापुढे पायरीवर बसला होता.

"पान पाह्यलं मी," तो म्हणाला. "मोहाचं एकेक पान पाह्यलं. मायचा हात नाई पाह्यला."

मी मशीनला दोष द्यायला सुरुवात केली. भांडवल, तंत्रज्ञान, कोणाच्या फोटोंवर ते शिकलं, वगैरे. त्यानं मला मध्येच थांबवलं.

"मशीनचं सोड बे. तिले जित्तेपनी लाज वाटे त्या बोटाची. पावने आले का हात पदराखाली. चहा द्याची तं डाव्या हातानं द्याची, लोक नावं ठेवत. मी लहान असतानी सांगो तिले, माय, काऊन लपवते? कोन खाऊन राह्यलं तुले?" त्यानं आपलाच हात उलटा करून पाहिला. "न मीबी तेच केलं न बे. पावने येनार म्हनून मीबी झाकला तिचा हात."

आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. समोरून सिमेंटचे ट्रक जात होते.

काही दिवसांनी शटर उघडलं. इस्तारीभाऊनं कॉलनीतल्या बायांना दुकानात बोलावलं होतं. मागची विटांची भिंत त्यानं मोकळी केली होती आणि खाणीच्या कडेची माती पोत्यांत भरून आणली होती. एका बाजूला पोरं पडद्यांवर गाड्या पळवत होती, दुसऱ्या बाजूला बाया कोपरापर्यंत हात भरवून भिंत लिपत होत्या. भांडणंही होत होती. "हा माह्या वाटनीचा तुकडा होय, सरक तिकडं." "तुया हात इतका लांब कधीचा झाला वो?" जंगुबाईनं एका पोराच्या पाठीत चिखलाचा धपाटा घातला, "हो बाजूले, तुयी गाडी भितीवर येऊन राह्यली." इस्तारीभाऊनं एकेकीच्या हाताच्या रेघा अगदी जवळून फोटोत टिपल्या आणि पडद्यावरच्या तिच्या घराला लावल्या. ते फोटो मोठे करायची गरजच नव्हती.

ज्या बाया आता हयात नव्हत्या त्यांचं काय, असं मी विचारलं. त्यांच्या भिंतींवर त्यानं जुने नखाएवढे फोटो परत लावले. सोमीबाईचीही भिंत तशीच. जवळ गेलं की तपकिरी धुकं. त्या धुक्यात, ठाऊक असेल तर, एक रेघ दिसते, मग काही नाही, मग दोन रेघा. गावावरचं एआयचं बटण त्यानं बंद केलं ते केलंच. गाव पुन्हा अडखळू लागलं, आणि सगळ्यात जास्त मोहापाशी. मी एकदा तक्रार केली. "अडकते तं अडकू दे," तो म्हणाला. "घरापाशी मानूस अडकतेच."

पोरांच्या गेमला मात्र तो पहिल्यासारखाच बटण लावून देत राहिला. मला ते खटकलं आणि मी तसं बोललोही. तो हसला. "त्याईच्या खेळात चालते रे पत्रक. ते राक्षस कोनाच्या घरचे होत?"

शेजारच्या गावचा तो तरुण पुढे दुकानात यायचा. टॉवेलखालचा संगणक इस्तारीभाऊ त्याला उघडून द्यायचा. तो धुरकट टेंभरगुड्यात हिंडायचा आणि जाताना मागच्या भिंतीवरून हात फिरवून जायचा. त्यांच्या गावचा ठराव अजून झालेला नाही. त्यासाठीचं पत्रक मी अजून लिहितोच आहे. लिहितो आणि खोडतो.

गेल्या उन्हाळ्यात इस्तारीभाऊला कावीळ झाली. त्यानं ती हसण्यावारी नेली. डोळे हळदीसारखे झाले तरी दुकानात बसायचा आणि पोरांना सांगायचा, "पडद्याचा कलर बिगडला बे, सेटिंगमदे जाऊन पाहा लागते." चंद्रपूरला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. नेताना गाडीत मी त्याच्या शेजारी होतो. त्यानं विचारलं, "पत्रक, आज धूळ झाडली का कोनी?"

श्रद्धांजलीचा फ्लेक्स आमच्या मंडळानं करायचा ठरवला. त्याचा एकट्याचा फोटो कोणाकडेच नव्हता. जन्मभर तो फोटो काढणाऱ्याच्या जागी राहिला. समाजमंदिरातल्या त्या दिवसाच्या एका घोळक्याच्या फोटोत, मागच्या रांगेत, तो हसताना सापडला. फ्लेक्सवाल्यानं चेहरा कापून मोठा केला आणि चुकचुकला. "फाटून राह्यला भाऊ. एआय मारतो." त्यानं बटण दाबलं. आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे होतो. गाल गुळगुळीत झाले. रंग उजळला. दात पूर्ण झाला.

"चांगला आला," आमच्यातला एकजण म्हणाला.

मी दात पाहिला होता. सगळ्यांच्या आधी पाहिला होता. फ्लेक्स चौकात लागणार, लोक येणार, तुटका दात कशाला दाखवायचा, असं काहीतरी माझ्या मनात आलं. आलं तेव्हा ते प्रेमासारखंच वाटत होतं. मी मान डोलावली.

फ्लेक्स दुकानाच्या शटरवर बांधला. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या बाया आल्या. जंगुबाई पुढे होती. ती फ्लेक्ससमोर येऊन उभी राहिली, डोळे बारीक करून तिनं बराच वेळ पाहिलं.

"कोन होय हा?" तिनं मला विचारलं.

"इस्तारीभाऊ, बाई."

पायरीवर सिमेंटची करडी भुकटी साचली होती. दुकान बंद पडल्यापासून ती तिथे कोणी झाडलीच नव्हती. जंगुबाई वाकली, चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली, त्यात थुंकी टाकून बोटानं मळली. मग टाचा उंचावून ते बोट तिनं फोटोतल्या दातावर ठेवलं. फ्लेक्स वाऱ्यानं हलत होता. बोट घसरलं.

"धर न गा," ती मागे न पाहता म्हणाली.

मी पुढे होऊन फ्लेक्सची कड ताणून धरली, आणि तिनं तो दात अर्धा लिपला.